ट्यूडर लघुसेना (अल्पखर्ची उभारणी)

इंग्लंडमधील ट्यूडर घराण्याच्या काळातील (१४८५–१६०३) सैन्ये छोट्या शिपायांच्या रूपात उभारून टेबलावर लढाया खेळण्याचा छंद, आणि ती सैन्ये थोडक्या पैशांत पुरी करण्याच्या रीती. अशा खेळांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील प्रशियन लष्कराच्या क्रीगश्पील या युद्धखेळात शोधतात. तो मात्र नकाशा आणि ठोकळे यांवर खेळला जाई, त्यामुळे शिपायांनिशी खेळायच्या नागरी छंदाचा आरंभ एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

शिपाई प्रामुख्याने २८, १५ व ६ मिमी उंचीचे आणि १:७२ प्रमाणाचे असतात. धातूचा शिपाई प्लास्टिकच्या शिपायापेक्षा बराच महाग पडतो. खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे लहान सेना मागणारे नियम निवडणे. १९९० मध्ये आलेल्या ‘डीबीए’ या ब्रिटिश नियमावलीत प्रत्येक सेना बाराच पट्ट्यांची असते, व एका पट्टीवर बहुधा दोन ते चार शिपाई बसतात. म्हणजे चाळीस-पन्नास शिपायांत सेना उभी राहते. याउलट मोठ्या तुकड्यांच्या नियमांत केवळ भालाइतांच्या एका चौकटीला तितके शिपाई लागतात.

खरा प्रश्न दशकाचा आहे. ट्यूडर म्हणून विकले जाणारे शिपाई बहुतेक धातूचे असतात. त्याआधीच्या गुलाबांच्या युद्धांचे, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या यादवीचे (१४५५–८७), प्लास्टिक शिपाई मात्र चाळीस नगांच्या पेट्यांत मिळतात. ते बॉसवर्थ (१४८५) व स्टोक (१४८७) येथील लढायांसाठी निर्विवाद चालतात. स्कॉटलंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईला (९ सप्टेंबर १५१३) चालतात का, यावर मतभेद आहेत. चालत नाहीत म्हणणाऱ्यांचा आधार पोशाखाचा : तोवर रूढ झालेले रुंद बोथट बूट, चपट्या टोप्या, घेरदार अंगरखे. चालतात म्हणणारे शस्त्रांकडे बोट दाखवतात. इंग्रज सेनापती सरेच्या अर्लची फौज मुख्यतः धनुष्ये आणि बिल यांनी लढली (बिल म्हणजे लांब दांड्यावर बसवलेले कोयत्यासारखे पाते), आणि उत्तरेकडील जिल्ह्यांतून घाईने गोळा केलेल्या माणसांच्या अंगावर जुनी चिलखते असणे स्वाभाविक होते. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. निदान मागच्या रांगांपुरते तरी. पुढच्या रांगेत थोडे धातूचे शिपाई मिसळले, की नजर तिथेच थांबते. काटकसर स्वतः हेन्री आठव्यालाही नवी नव्हती. १५१२ मध्ये त्याने फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याकडून ‘आल्मेन रिव्हेट’ नावाची साधी तयार चिलखते घेतली : दोन हजार जोड, प्रत्येकी सोळा शिलिंग. एका जोडात शिरस्त्राण, गळपट्टा, छाती व पाठ यांचे पत्रे आणि हातांवरच्या पट्ट्या एवढेच असे.

लांडस्क्नेख्ट या जर्मन भाडोत्री पायदळाबाबत घोळ अधिक आहे. त्यांचे प्लास्टिक संच स्वस्तात मिळत असल्याने स्टोकच्या लढाईतील मार्टिन श्वार्ट्झच्या सुमारे दोन हजार जर्मनांसाठीही ते सर्रास वापरले जातात. हे शिपाई फुगीर, चिरा पाडलेल्या बाह्या व विजारी घातलेले असतात. या चिरांच्या वेशाचा उगम ग्रांसों (१४७६) व नांसी (१४७७) येथे स्विसांनी लुटलेल्या बर्गंडीच्या रेशमात आहे, अशी कथा प्रचलित आहे. फाटक्या कपड्यांना रेशमाची ठिगळे लावली आणि त्याची पुढे शैली झाली, असे ती सांगते. कथा उत्तरकालीन असावी. चित्रांतून हा वेश पूर्ण बहरलेला दिसतो तो १५०० नंतर, बहुधा १५१० च्या आसपास. म्हणून १४८७ साठी हे संच न वापरणेच बरे. १५४४ ची फ्रान्समधील बूलोन मोहीम व १५४९ मधील बंडे यांतील जर्मनांसाठी मात्र ते उपयोगी पडतात, आणि पवित्र रोमन सम्राटाच्या सेनेतही पुन्हा उभे करता येतात.

हे भाडोत्री किती घ्यावेत, हे इतिहासकाराच्या मतावर अवलंबून राहते. इंग्लंड सोळाव्या शतकात लष्करीदृष्ट्या मागासले होते, असे जुने अभ्यासक मानीत. परदेशी भालाईत व तोड्याच्या बंदुकांचे पथक भाड्याने घेऊन ही उणीव जाणीवपूर्वक भरून काढली जात होती, असे अलीकडचे विवेचन आहे. ते पटले तर खर्च वाढतो.

रंगांबाबत १५१३ साठी पांढरे-हिरवे अंगरखे स्वीकारले जातात. १५४४ च्या आघाडीच्या दलाला लाल काठाचे निळे अंगरखे सांगितले होते. या मोहिमेची चित्रे इंग्लंडमधील काउड्री हाउस या वाड्याच्या भिंतींवर होती; ती १७९३ च्या आगीत गेली, पण त्याआधी केलेली कोरीव मुद्रणे टिकली आहेत. पांढऱ्या अंगरख्यावर लाल क्रॉस हा सर्वांत किफायती पर्याय : पांढरा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), वरून पातळ तपकिरी रंग, तो सुकल्यावर उंचवट्यांवर पुन्हा पांढरा, आणि शेवटी दोन लाल रेघा. निशाणे घरच्या प्रिंटरवर छापून निघतात.

भाल्यांची लांबी दुर्लक्षू नये. फ्लॉडनच्या स्कॉटिश भाल्यांची लांबी सुमारे साडेपाच मीटर धरतात. ती १:७२ ला ७६ मिमी, तर १५ मिमीच्या शिपायांना साधारण ५५ मिमी येते. पेटीतले भाले अनेकदा आखूड असतात व मऊ प्लास्टिकचे वाकतात. त्याऐवजी प्लास्टिकच्या झाडूचे ताठ केस तिरपे कापून, मुठीला सुईने भोक पाडून चिकटवतात. मऊ प्लास्टिकचे शिपाई आधी साबणाच्या पाण्यात धुवावे लागतात, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात.

एलिझाबेथच्या काळासाठी मोरियन शिरस्त्राणांचे (टोकांना वर वळलेल्या काठांची) स्पॅनिश शिपाई बऱ्याच अंशी चालतात. १५९५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (राणीच्या सल्लागार मंडळाने) प्रशिक्षित पथकांतून धनुष्य हटवल्यानंतर धनुर्धर घेऊ नयेत. आयर्लंडच्या केर्न या हलक्या पायदळाचा वेश शतकभर फारसा बदललेला दिसत नाही, त्यामुळे एकच संच स्टोकपासून आयर्लंडमधील किन्सेलच्या लढाईपर्यंत (१६०१) वापरता येतो. मात्र यलो फोर्डच्या लढाईला (१५९८) आयरिश बंडखोर नेता ह्यू ओनील याच्या माणसांच्या हाती भाले आणि बंदुकाही द्याव्या लागतात.