डिस्क वाकलेली नाही, हब गंजलाय

पावसाळा सरला की नाशिकच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, पायाखाली पेडल धडधडतं. निदानही ठरलेलं, "डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी) वाकली, लेथवर मारून आणा." डिस्क सातपूर नाहीतर अंबडच्या वर्कशॉपात जाते, चकचकीत होऊन परत येते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर पुन्हा सुरू. या निदानाशी माझं भांडण आहे. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसतेच. ती ज्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या बैठकीवर, बसते त्याच्या तोंडावर गंज साचलेला असतो आणि तिकडे कुणी बघतच नाही.

डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बीड उष्णता पटकन वाहून नेतं, कंपनं शोषतं आणि स्वस्त पडतं. पण रात्रभर पावसात राहिलं की सकाळी नारिंगी. त्या गंजाला घाबरू नका, चार-दोन ब्रेकांत डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड तो खरवडून काढतात. खरी चिंता न दिसणाऱ्या गंजाची.

"हवा आणि पाणी लागलं की लोखंड गंजतं" हे आपण शाळेत शिकतो. मग हवा जिथे कमी, तिथे गंज कमी असायला हवा ना? केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांचा एक साधा प्रयोग याचं उत्तर देतो. घासून लखलखीत केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. पाण्यात फिनॉल्फथॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळलेलं. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मधला भाग निळा. गुलाबी म्हणजे तिथे हायड्रॉक्साइड तयार होतंय; निळा म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. कडेला पाण्याचा थर पातळ, त्यामुळे प्राणवायू भरपूर. मध्ये होता तो संपला, नवा सहजी पोचत नाही. आणि लोखंड खाल्लं जातंय ते नेमकं मध्येच!

तो थेंब म्हणजे एक विद्युत घट आहे. मध्यभागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून, आयन होऊन पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेला जातात, तिथे प्राणवायू आणि पाणी ते घेतात आणि हायड्रॉक्साइड आयन बनतात. दोन्ही आयन अधल्यामधल्या वाटेवर भेटतात, पुढे त्यांचं ऑक्सिडीकरण होतं आणि तांबूस कडं उमटतं. गंज जमतो एका जागी, खड्डा पडतो दुसऱ्या. मिठामुळे या घटातला प्रवाह वाढतो. म्हणून मुंबईत समुद्राजवळ वापरलेली सेकंडहँड गाडी घेताना हब आधी बघावेत.

आता हबकडे या. डिस्कची टोपी (हबवर बसणारा तिचा मधला भाग) आणि हब यांच्यातली फट इतकी बारीक, की त्र्यंबक रस्त्यावरचं पाणी तिच्यात आपोआप ओढलं जातं आणि लवकर वाळत नाही. फटीचा आतला भाग म्हणजे त्या थेंबाचा मध्य. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. डिस्क काढून परत बसवताना असा एक पापुद्रा मध्ये अडकला, की झालं. हबचा व्यास १३ सेंटिमीटर, डिस्कचा २५, आणि हबच्या कडेला पापुद्रा ०.०५ मिलिमीटरचा धरा. डिस्कची बाहेरची कड जवळजवळ ०.१ मिलिमीटर डुलते. हे बहुतेक गाड्यांना खपत नाही. प्रत्येक फेऱ्यात पॅड त्याच जागी घासतो, डिस्कची जाडी कमी-जास्त होते आणि पेडल धडधडतं. लेथवर जाडी सारखी होते खरी. हबवरचा गंज जागच्या जागी राहतो.

गाडीच्या बॅटरीला जोडायचे "गंजरोधक" इलेक्ट्रॉनिक डबे ऑनलाइन विकले जातात. धातूला बाहेरून इलेक्ट्रॉन पुरवले की तो विरघळत नाही, हे त्यामागचं तत्त्व खोटं नाही. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांचं तांबं याच वाटेने वाचवायचा प्रयत्न केला होता. पण त्याला सलग पाणी किंवा ओली माती लागते. गाडी हवेत उभी असते, परिपथ पुराच होत नाही. पैसे घालवू नका.

गंज हातानेच काढावा लागतो. जॅकच्या जोडीला स्टँडही लावा, कॅलिपर (पॅड धरणारा भाग) तारेने बांधा, ब्रेक तेलाच्या होजवर लोंबू देऊ नका. डिस्क अडकली तर हातोडा मारण्याआधी टोपीवर आट्यांची दोन भोकं आहेत का बघा. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले की ती सुटते. हबचं तोंड आणि टोपीची आतली बाजू तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने घासा. चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या बुडाशी ब्रश पोचत नाही आणि पापुद्रे तिथेच उरतात. टोपीच्या बाहेरच्या अंगाला उष्णतारोधक रंग चालतो, हबच्या तोंडाला आणि पॅड जिथे घासतो त्या पट्ट्याला अजिबात नाही. मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर हबच्या तोंडावर अँटी-सीझचा (भाग गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पुसट हात फिरवा. स्टडच्या आट्यांना तो लागू देऊ नका, नट गरजेपेक्षा जास्त आवळले जातात. कॅलिपर चढवण्याआधी नट लावून डिस्क घट्ट करा, डायल गेज (डुलणं मोजणारं काट्याचं मापक) टेकवा आणि हाताने एक फेरा फिरवा. काटा कंपनीच्या मर्यादेबाहेर गेला तर डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा.