पाक, नापाक आणि ओठांवरची लाली

इंदूरच्या राणीपुऱ्यातून आणलेल्या लिपस्टिकच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘सीआय ७५४७०’ दिसलं, तर आतला लाल रंग कार्मीनचा, म्हणजे निवडुंगावरच्या कोशिनील किड्यांपासून काढलेला. तो मुसलमान बाईला चालतो का? फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, हे मुळात दोन प्रश्न आहेत: वस्तू खायला हलाल आहे का, आणि ती अंगाला लागली तर अंग पाक, म्हणजे शुद्ध, राहतं का. सौंदर्यप्रसाधनांबाबतचे बरेचसे घोळ या दोहोंची गल्लत केल्यानेच होतात.

मेलेलं जनावर, वाहतं रक्त आणि डुकराचं मांस कुराणात (सूरह अल-अनआम, आयत १४५) निषिद्ध आहे, ते खाण्याच्या संदर्भात. बाकीचा वाद हदीसांतून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतून आणि आठवणींतून, सुरू झाला. मेलेली बकरी टाकून दिलेली पाहून पैगंबरांनी विचारलं, कातडं का नाही वापरलंत. मनाई खाण्याची आहे, असं त्यांनी सांगितलं. उलट मक्का जिंकली त्या वर्षी, इ.स. ६३० मध्ये, लोकांनी मेलेल्या जनावराच्या चरबीबद्दल विचारलं. होड्यांना चोपडतात, दिव्यात जाळतात. उत्तर आलं: नाही, हराम. हराम काय, चरबीची विक्री की तिचा वापर? सुन्नींपैकी शाफई पंथाचे लोक म्हणतात विक्री. इतर अनेकांच्या मते वापरही.

सुन्नींच्याच हनफी पंथाने यातून काढलेली वाट म्हणजे इस्तिहाला: पदार्थाचं मूळ रूपच पालटलं की त्याचा हुकूमही पालटतो. दारूचा सिरका (व्हिनेगर) होतो, मिठागरात पडलेल्या गाढवाचं मीठ होतं. पंथाचे जुने इमाम मुहम्मद अश-शैबानी यांच्या या मतावर हनफींचा फतवा ठरला. त्याच पंथातले अबू यूसुफ यांचं उलटं मत मागे पडलं. म्हणून नापाक तेलाचा साबण पाक. शाफई मात्र आपोआप झालेला सिरका आणि कमावलेलं कातडं याच्या फारसे पुढे जात नाहीत. कोकणी मुसलमान शाफई, इकडचे बहुतेक सुन्नी हनफी. तेव्हा साबणाच्या त्याच वडीबद्दल राजापूरच्या सासरी एक आणि इंदुरातल्या खजराण्याच्या माहेरी दुसरं ऐकायला मिळालं, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर.

साबणाचं रसायन हनफींच्या बाजूचं आहे. एक किलो गुरांच्या चरबीला साधारण १४० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. चरबी जाते, साबण आणि सुमारे एक दशांश ग्लिसरीन उरतं. (वेष्टनावर ‘सोडियम टॅलोवेट’ म्हणजे हीच चरबी.) पण वडी मऊ राहावी म्हणून सोडा मुद्दाम कमी घातला, तर थोडी चरबी तशीच राहते आणि युक्तिवाद तिथे लंगडा पडतो. क्रीममधल्या कोलॅजेनचं (जनावराच्या कातडी-हाडांतल्या प्रथिनाचं) तर नुसतं विघटन झालेलं असतं, रूप पालटलेलं नसतं. त्यापासूनच बनणाऱ्या जिलेटिनचं रूप मात्र खरंच पालटतं, असं १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामी वैद्यक परिषदेत ठरलं. इंडोनेशियाच्या उलेमा (धर्मपंडित) परिषदेला ते पटत नाही.

डुकराच्या केसांबाबत हनफी कडक, तरी जुन्या ग्रंथांत मोच्याला कातडं शिवण्यापुरती सूट होती, दुसरं साधन नव्हतं म्हणून. मेकअपच्या ब्रशला ती सबब लागू होणं कठीण. जिवंत मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनवर वाद नाही, कस्तुरीवरही नाही. ती स्वतः पैगंबर लावत.

लिपस्टिक अवघड, कारण ती पोटात जाते. १८५७ मध्ये चरबीच्या काडतुसांवरून भडका उडाला, त्यातही काडतूस दातांनी तोडावं लागे हीच मेख होती. वाहतं रक्त नसलेला किडा मेला तरी नापाक होत नाही, असं हनफी मानतात, पण तो खाणं जायज (वैध) धरत नाहीत. म्हणून तोच रंग गालाला चालला तरी ओठांवर खटकतो. इंडोनेशियाच्या परिषदेने मात्र २०११ मध्ये कोशिनीलचा रंग खायलाही हलाल ठरवला.

वेष्टनावरच्या शाकाहारी-मांसाहारी दाखवणाऱ्या हिरव्या-तपकिरी ठिपक्याचा इथे अर्धाच उपयोग. तपकिरी ठिपका शेळी आणि डुकरात फरक करत नाही. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल पाम तेलाचंही असतं, चरबीचंही. घटकांच्या यादीत नाव एकच. ते वनस्पतीजन्य आहे का, हे उत्पादकाकडून लेखी मागावं.