एक आणा ते 6 रुपये 78 पैसे: शाळेतल्या खिचडीच्या मागची गोष्ट

पोरांच्या तब्येतीसाठी शाळेने काय करावं असं कोणालाही विचारा, डॉक्टर बोलवा, तपासणी करा, वजन-उंची घ्या हेच ऐकायला मिळतं. आपल्याकडे सुरुवात पण तिथूनच झाली, आणि ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून बघितलं, मग 1906 मध्ये सगळ्या संस्थानात. आता सक्तीने पोरं शाळेत आणली की ती जवळून दिसायला लागतात ना, कोणाला खरूज, कोणाचे डोळे आलेले, कोणाच्या हातापायाच्या काड्या. 1909 मध्ये बडोदा शहरात शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, हिंदुस्थानातली ती पहिली असं मानतात.

पण तपासणीचं कसं आहे, डॉक्टर येतो, जीभ बघतो, डोळ्याची खालची पापणी ओढतो, कार्डावर 'अशक्त' लिहितो आणि जातो. पुढे काय? ज्या घरात सकाळी चुलीवर काय चढवायचं हाच प्रश्न, तिथे ते कार्ड नेऊन करायचं काय. देशाच्या आरोग्य सेवेचा आढावा घेणाऱ्या 1946 च्या भोर समितीने तर सरळ लिहिलं की देशात शालेय आरोग्य सेवा जवळपास नाहीच, आणि जिथे आहे तिथे पण अर्धवट. 1960 मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती नेमली, पुढच्या वर्षी अहवाल आला, शिफारशी चांगल्या होत्या, पैसे कुठे होते?

दुसरी वाट मद्रासला सुरू झाली, आणि मला विचाराल तर तीच खरी. 1920 मध्ये मद्रास कॉर्पोरेशनने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत पोरांना खायला द्यायचं ठरवलं, पी. त्यागराय चेट्टी तेव्हा अध्यक्ष होते. ठरावात अट काय तर एका मुलामागे दिवसाला एक आण्याच्या वर खर्च जाता कामा नये. म्हणजे शाळेतलं जेवण आणि 'बजेट नाही' हे दोन्ही एकाच दिवशी जन्माला आले म्हणा ना. पटावर पोरं वाढली, पण ब्रिटिश सरकार म्हणालं प्राथमिक शिक्षणाचे पैसे जेवणावर घालायचे नाहीत, आणि 1925 मध्ये काम थांबलं.

मग कामराज, मद्रास राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री. त्यांची गोष्ट सांगतात ती अशी की रस्त्याने जाताना गुरं राखणारा पोरगा दिसला, विचारलं शाळेत का जात नाहीस, तर तो म्हणाला शाळेत गेलो तर जेवण तुम्ही देणार का. खरी किती, रंगवलेली किती देव जाणे, पण 1956 मध्ये एट्टयपुरममध्ये योजना सुरू झाली हे खरं. 1982 मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ती फार मोठी केली तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं, एवढा पैसा आणणार कुठून म्हणून. 1989 मध्ये करुणानिधींनी पंधरा दिवसांतून एक अंडं घातलं, पुढे ते आठवड्याला पाच झालं. म्हणजे तिथे सरकारं बदलली तरी ताटातलं कमी झालं नाही, वाढतच गेलं. आपल्याकडे हे जमलं असतं तर!

आपल्याकडे महाराष्ट्रात काय, तर आमच्या आधीच्या पिढीला परदेशी दूध पावडर आठवते, 72 च्या दुष्काळातली सुकडी आठवते. नियमित असं काही आलं ते 15 ऑगस्ट 1995 ला शाळेतल्या पोषणाची केंद्राची योजना आली तेव्हा, आणि आली ती तांदळाच्या रूपात. 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो तांदूळ घरी. मी त्या लायनीत उभा राहिलोय. आईने जुन्या परकराची शिवलेली पिशवी, हातात घडी करून, गुरुजी तराजू घेऊन बसलेले, आणि पोतं उसवलं की खालच्या तांदळात जाळी आणि सोनकिडे. घरी गेल्यावर आजी ते सुपात पाखडायची, निम्मा वेळ किडे वेचण्यात. आणि तो तांदूळ घरातल्या आठ माणसांच्या भातात जायचा, माझ्या वाट्याला किती आला असेल ते बघा. सरकारी कागदावर मात्र पोषण मला मिळालेलं असायचं.

हे बदललं ते कोर्टामुळे. 2001 मध्ये राजस्थानात दुष्काळ आणि दुसरीकडे सरकारी गोदामं धान्याने तुडुंब, अशात पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना सुप्रीम कोर्टात गेली. 28 नोव्हेंबर 2001 ला कोर्टाने सांगितलं की कोरडं धान्य नाही, शिजवलेलं जेवण द्या, किमान 300 कॅलरी, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षात निदान 200 दिवस. राज्यांना मुदत सहा महिन्यांची. बऱ्याच राज्यांनी पाय ओढले, पण 2002 नंतर आपल्याकडेही शाळांमधून खिचडी शिजायला लागली आणि शब्दच रूढ झाला, 'खिचडी'. योजनेचं नाव शालेय पोषण आहार, पण ते फक्त रजिस्टरवर. 'पोरं खिचडी खायला येतात' असं कुचकटपणे म्हणणारे तेव्हाही होते आजही आहेत. येतात तर येऊ द्या की, कशाला तरी येतात ना. 2004 मध्ये कोर्टाने अजून एक सांगितलं, जे मला कॅलरीपेक्षा मोठं वाटतं, की स्वयंपाकाच्या कामात दलित आणि आदिवासी लोकांना प्राधान्य द्या. त्यावरून गावागावात काय काय झालं तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता हिशोब बघा, कारण सगळी गंमत हिशोबात आहे. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं निघाली पाहिजेत. सहावी ते आठवीला तांदूळ 150 ग्रॅम आणि बाकीचं त्याच प्रमाणात, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. तांदूळ केंद्राकडून फुकट. डाळ-भाजी-तेल-गॅस याला 2004 मध्ये केंद्राने दिवसाला डोकी एक रुपया दिला होता, मे 2025 पासून लहानांना 6 रुपये 78 पैसे, मोठ्यांना 10 रुपये 17 पैसे, केंद्र-राज्य मिळून. एवढ्यात बाजारात एक अंडं येतं, वर चहा पण नाही येत. कोथिंबिरीची जुडी 30 ला गेली की सर फोडणीतून कोथिंबीर काढतात, टोमॅटो 80 झाला की टोमॅटो. मी आता पालक म्हणून शाळा समितीत आहे, किराणावाल्याची वही बघितलीय, पैसे यायला उशीर झाला की उधारी गुरुजींच्या नावावर चढते.

आणि शिजवणाऱ्या ताई! 2009 पासून महिन्याला 1000 रुपये, मग आपल्या राज्यात 1500, 2023 पासून 2500, तेही वर्षातले दहा महिने. एवढ्यात निवडणं टिपणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं सगळं. पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.

16 जुलै 2013 ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत 23 मुलं जेवणातून विषबाधा होऊन गेली, तेलात कीटकनाशक होतं. त्यानंतर देशभर चव घेण्याची सक्ती कडक झाली. पोरांच्या आधी मोठ्या माणसाने खायचं आणि चव रजिस्टरला सही करायची. आमच्या शाळेत ते रजिस्टर स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं असतं, हळदीच्या बोटांचे ठसे असलेलं, आणि खरं सांगतो, शाळेतलं सगळ्यात प्रामाणिक रजिस्टर तेच आहे.

बाकी आरोग्याच्या योजना आल्या त्या या पातेल्याभोवती येऊन बसल्या. 6 फेब्रुवारी 2013 ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या पालघरातून, तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, वाढीतला उशीर हे शोधायचं आणि बडोद्यात जे राहिलं होतं ते, म्हणजे पुढच्या उपचाराला पाठवायचं, हे यात लिहिलेलं तरी आहे. त्याच सुमारास आठवड्याची लोहाची गोळी आली, मोठ्यांना निळी, पुढे लहानांना गुलाबी. उपाशी पोटी घेतली की मळमळतं, एका पोरीला उलटी झाली की सगळा वर्ग गोळी खिडकीतून फेकणार. म्हणून ती खिचडी खाल्ल्यावर द्यायची. 10 फेब्रुवारी 2015 पासून जंतनाशक दिन, अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी, चघळायची. पोटात जंत असताना वर कितीही डाळ ओता, अर्धी त्यांचीच, त्यामुळे एवढ्या स्वस्तात एवढं काम करणारी दुसरी गोष्ट शाळेत क्वचितच असेल. हात धुणं पण जेवणामुळेच जमलं, एक पाइप, त्याला पाच-सहा तोट्या, समोर दोरीला साबण बांधलेला. आणि परसबाग, शेवगा, पालक, कढीपत्ता, भांडी धुतलेलं पाणी तिकडे सोडायचं. शेवग्याला तर कोणाचं अनुदान लागत नाही.

2021 मध्ये योजनेचं नाव पीएम पोषण झालं. मुलांनी अजून खिचडीच ठेवलंय. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या राज्याने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं, पोरं खूश. जानेवारी 2025 मध्ये शासनाने सांगितलं की अंड्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत, हवं असेल तर लोकवर्गणीतून करा. आमच्या समितीच्या मीटिंगला विषय निघाला तेव्हा पाच मिनिटं सगळे छताकडे बघत बसले, मग एका पोल्ट्रीवाल्या पालकाने महिन्यातून एकदा दोन ट्रे कबूल केले. दोन ट्रे म्हणजे 60, पटावर 64. स्वयंपाकाच्या ताई म्हणाल्या उकडायला नकोत मग, भुर्जी करून भातात घालते, मोजायला कोण बसलंय.