झेड-इंडेक्स 999999 टाकलं की पॉपअप वर येतोच?

"पॉपअप हेडरच्या मागे लपतोय? झेड-इंडेक्स 999999 टाक, सगळ्या ब्राउझरला चालतं" हा सल्ला वेबसाइट बनवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय (झेड-इंडेक्स म्हणजे पेजवर कोणता भाग कोणाच्या वर दिसेल हे ठरवणारा सीएसएसमधला आकडा), आणि कधीकधी खरंच चालतो म्हणून पटतोही.

पण हा आकडा दरवेळी अख्ख्या पेजमध्ये मोजला जात नाही. पॉपअप ज्या डब्यात (एचटीएमएल एलिमेंटमध्ये) आहे त्याला सीएसएसची ट्रान्सफॉर्म, फिल्टर किंवा 1 पेक्षा कमी ओपॅसिटी (अपारदर्शकता) असेल तर तिथे वेगळा थर तयार होतो आणि आतला आकडा त्या थरापुरताच उरतो, म्हणजे तळमजल्यावर स्टुलावर उभं राहून पहिल्या मजल्याशी उंची लावण्यासारखं. शिवाय ट्रान्सफॉर्म असेल तर फिक्स्ड पोझिशनही (स्क्रोल केलं तरी जागेवर राहणारी) स्क्रीनऐवजी त्या डब्याला चिकटते.

तपासायचं कसं? ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट उघडा, पॉपअपपासून एकेक पॅरेंट (बाहेरचा डबा) वर चढत जा आणि या प्रॉपर्टीजची टिकमार्क काढून बघा, ज्याची काढल्यावर पॉपअप वर येतो तोच गुन्हेगार. मग पॉपअपचा कोड बॉडीच्या शेवटी हलवा, नाहीतर सरळ डायलॉग टॅग घेऊन जावास्क्रिप्टच्या शो-मोडलने उघडा, तो सगळ्यांच्या वरच्या थरात जातो आणि तिथे झेड-इंडेक्स लागतच नाही.

फक्त मोबाईलवरच खालचं बटण कापलं जातंय का? मग ती भानगड वेगळी, बहुतेक 100 व्हीएचची (व्हीएच हे स्क्रीनच्या उंचीवरून मोजायचं एकक, 100 म्हणजे पूर्ण उंची), कारण त्यात ॲड्रेस बारची जागाही धरली जाते, तिथे डीव्हीएच (ॲड्रेस बार दिसेल-लपेल तसं बदलणारं एकक) वापरून बघा.