वरवंटा महालातून आला

शनिवारी नागपुरात मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाचीचं बारसं होतं. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला आणि ऐन वेळी लक्षात आलं, घरात वरवंटाच नाही. बाळाच्या आधी कुंची घालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून-वरून फिरवतात तो. महाल या जुन्या वस्तीतून मोठ्या आईनं तो स्कूटरवरून पाठवला, तोवर सगळे थांबले. ओट्यावर मिक्सर होता, पण ते काम त्याचं नव्हे.

मिक्सर आपल्या ओट्यावर आला त्याला साठ वर्षं उलटली. माधुरी माथुर यांच्याकडचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला. तो फळांचा रस, सूप यांसाठी घडवलेला. हळकुंडं, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ त्याला झेपणार कशी? त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटर बसवून १९६३ मध्ये ‘सुमीत’ मिक्सर आणला. आपल्या जेवणासाठी बनलेलं यंत्र म्हणून तो घराघरांत रुजला, असं मला ठामपणे वाटतं.

तरी नागपुरात पाटा पुरता हटला नाही. सावजी रस्सा हे इथल्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. भाजलेलं खोबरं, खसखस, धणे, काळी मिरी, दगडफूल यांचं वाटण. मिक्सरचं पातं मसाला कापतं, दगड तो चेचतो. तेल सुटून वाटण वरवंट्याला चिकटू लागलं की झालं, असं मोठी आई सांगते. तिचा पाटा वर्षा-दोन वर्षांनी गुळगुळीत होतो. मग दारावर येणाऱ्या बाईकडून छिन्नीनं टाकून, म्हणजे पुन्हा खडबडीत करून घ्यायचा. नव्यानं टाकलेल्या पाट्यावर आधी जाडं मीठ वाटून फेकायचं, नाहीतर जेवणात कचकच लागते.

तमिळनाडूत हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटला. कोइम्बतूरच्या पी. सभापती यांनी १९५५ मध्ये विजेवर चालणारा वेट ग्राइंडर केला, पण आत दगड तसाच ठेवला. इडलीच्या पिठाशी तडजोड नको होती. आज त्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे.

त्याच १९५५ सालात जपानमध्ये तोशिबानं विजेचा राइस कुकर बाजारात आणला. योशितादा मिनामी यांनी तो घडवला आणि भात शिजवून शिजवून पारखला त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की तापमान शंभर अंशांच्या पुढे चढतं, दोन धातूंची पट्टी वाकते, बटण पडतं. चुलीपुढे बसून जाळ सांभाळणं सुटलं.

कोरियाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. तिथं किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांचे, मातीचे रांजण हिवाळ्यात अंगणात पुरत. फ्लॅट आले, अंगणं गेली. मग १९९५ मध्ये ‘दिमचे’ हा खास किमचीचा फ्रीज आला. जमिनीखालचा गारवा त्यांनी कपाटात आणला. शेजारीपाजारी मिळून किमची घालण्याच्या त्यांच्या रिवाजाला २०१३ मध्ये युनेस्कोची मान्यताही मिळाली.

आपल्याकडे लग्नात घाणा भरताना जातं-मुसळ अजून शोधून आणतात. खंडेनवमीला मात्र आमच्या घरी मिक्सरलाही हळदकुंकू लागतं.

बारसं आटोपलं तसा वरवंटा धुऊन लगेच महालात पोचवला. दुसऱ्या दिवशी रविवार, मोठ्या आईला मटणाचा मसाला वाटायचा होता.