स्टेअरलिफ्ट आणि होम लिफ्ट: घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी नेमकं काय बसवायचं?

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत बघा, खाली दुकान नायतर भाडेकरू आणि राहतं घर वर, जिना उभा आणि अरुंद. आईवडिलांचे गुडघे धरले की घरात ठरतं "लिफ्ट बसवूया", मग दोन कोटेशन येतात, दोन्हीवर लिफ्टच लिहिलेलं आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. कारण त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

स्टेअरलिफ्ट म्हणजे जिन्यावरून सरकणारी खुर्ची. रूळ पायऱ्यांवर बोल्ट करतात, भिंत फोडायला लागत नाही. सरळ जिना असला तर काम स्वस्तात होतं, पण मधे वळण असलं की रूळ मापानं बनवून घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. खुर्ची बॅटरीवर चालते, त्यामुळं लाईट गेली तरी चार-दोन खेपा होतात. वर पोचल्यावर सीट फिरते, म्हणजे माणूस पायरीवर न उतरता सपाट जागेवर उतरतो, आणि पडायची भीती तिथंच जास्त असते.

पण बसणाऱ्याला स्वतः बसता-उठता यायला पाहिजे, तोल सांभाळता यायला पाहिजे. व्हीलचेअर यावर जात नाही. पार्किन्सन्स असेल, अर्धांगवायू होऊन गेला असेल, तर आज जमतंय म्हणून घेऊ नका, पुढचा विचार करा.

तिथं होम लिफ्टच, म्हणजे मजल्यावरून मजल्यावर सरळ वर-खाली जाणारी केबिन. व्हीलचेअर आणि सोबत एक माणूस मावेल एवढी केबिन घ्या, दार निदान ९०० मिलिमीटर रुंद. यासाठी स्लॅब कापावा लागतो, म्हणून जुन्या लोड-बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच सगळा भार असलेल्या घरात आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा कायदा आहे, तेव्हा परवानगीचं कोण बघणार ते बसवणाऱ्याकडून लिहूनच घ्या. लाईट गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी सोय आहे का तेही विचारा, म्हातारं माणूस आत अडकलं तर जीव घाबराघुबरा होतो.

आता आपल्याकडचा खरा मुद्दा म्हणजे पाणी. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरलं तिथं होम लिफ्ट बसवणार असाल तर केबिनच्या खाली जमिनीत घ्यावा लागणारा खड्डा आधी पाण्यानं भरतो हे धरूनच चाला. खड्डा कमी खोल लागेल असं मॉडेल बघा, आणि कंट्रोल पॅनेल वरच्या मजल्यावर घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पातळी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला लागली की आईवडिलांना वर न्या, केबिन नायतर खुर्ची वरच ठेवा आणि लिफ्टचा मेन स्विच बंद करा. म्हणूनच पुराच्या भागात "आता खालीच झोपा" हा सल्ला मला पटत नाही.

नुसते गुडघे दुखतायत, जिना सरळ आहे, तर माझं मत सरळ स्टेअरलिफ्टला. फक्त जिना सगळ्यात अरुंद जिथं आहे तिथं मोजा, खुर्ची मिटल्यावर बाकीच्यांना जायला किती जागा उरते ते विचारा, आणि ऑर्डर द्यायच्या आधी आईला नायतर बाबांना डेमोच्या खुर्चीत स्वतः बसवून, बेल्ट त्यांच्याच हातानं लावून बघा.