सबसिडीचं नंतर बघू, आधी गरम पाणी किती लागतं ते सांगा

सोलापुरात गीझर, सोलर किंवा एसी घ्यायला दुकानात शिरलेला माणूस किंमत विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, "सबसिडी किती हाय ओ यावर?" पीएम सूर्यघर योजनेने हा प्रश्न घरोघरी नेला. गच्चीवर ३ किलोवॉटचे पॅनल बसवले की केंद्राकडून ७८,००० रुपये खात्यात येतात, हे आता जुळे सोलापुरात काय आणि अशोक चौकात काय, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग हीट पंप नावाचं पाणी तापवायचं यंत्र समोर आलं की त्यालाही तोच प्रश्न लागू होतो. परदेशात यावर भरघोस सवलत मिळते असं गिऱ्हाइकाने कुठेतरी ऐकलेलं असतं. ते खरंही आहे. पण ती सवलत कुणाला, कशासाठी आणि कुठल्या हवेत दिली जाते हे न बघता ती सोलापूरच्या घराला लावली, तर हिशेब पार चुकतो.

आधी यंत्र बघू. साध्या गीझरमध्ये वीज कॉइल तापवते आणि कॉइल पाणी तापवते. १ युनिट वीज घातली की फार तर १ युनिट उष्णता मिळते. डब्यावर कितीही स्टार असोत, त्यापुढे गीझर जाऊ शकत नाही. हीट पंप उष्णता तयार करायच्या भानगडीतच पडत नाही. बाहेरच्या हवेत असलेली उष्णता तो उचलतो आणि पाण्यात नेऊन सोडतो. हे काम त्याच्या नळ्यांतून फिरणारा द्रव करतो. आर-१३४ए हा त्यातला एक नेहमीचा. नेहमीच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो, त्यामुळे सोलापूरची १५-१६ अंशांची थंडीतली पहाटसुद्धा त्याला चांगलीच गरम वाटते. पंख्याने ओढलेल्या हवेतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यामुळे ती आणखी तापते, आणि टाकीला वेढलेल्या नळीतून जाताना आपली उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते. पुढे एका अरुंद झडपेतून सुटताना दाब उतरतो, द्रव गार पडतो आणि परत हवेसमोर येतो. वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला.

विहिरीवरची मोटर पाणी बनवत नाही, वर चढवते. पाणी जितकं खोल तितकी वीज जास्त. इथे हवेचं तापमान म्हणजे विहिरीतली पातळी आणि पाण्याचं हवं असलेलं तापमान म्हणजे वरची टाकी. सोलापुरात जानेवारीतही दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो. विहीर जवळजवळ काठोकाठ भरलेली.

आकड्यात सांगायचं तर ५५ अंशांचं पाणी हवं आणि बाहेर ३० अंश असतील, तर भौतिकशास्त्राच्या नियमाने आदर्श यंत्र १ युनिट विजेत १३ युनिट उष्णता देईल. बाहेर शून्य अंश असेल तर तोच आकडा ६ वर येतो. प्रत्यक्षातली यंत्रं या आदर्शाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोचतात. म्हणून गरम हवेत १ युनिटमागे ३ ते ४ युनिट उष्णता मिळते आणि बर्फाळ गावात दोन-अडीचवर समाधान मानावं लागतं. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. दुकानदार हा शब्द हमखास वापरतात, त्याच्याकडे शेवटी येऊ.

एक गोष्ट लगेच लक्षात येईल. हे सगळं आपल्या एसीचंच वर्णन आहे. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो, हीट पंप बाहेरची उचलून आत आणतो. एकाच यंत्रात उलटी दिशा देणारी झडप बसवली की उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात हीट पंप इतके पसरले ते यामुळेच. २०२० च्या सरकारी पाहणीत दक्षिण कॅरोलायनातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त घरांत घर उबदार ठेवायचं मुख्य साधन हीट पंपच होतं. थंडीने गोठणाऱ्या उत्तरेत हे प्रमाण कितीतरी कमी. दक्षिणेत एसी घ्यावाच लागतो, मग थोडे पैसे जास्त घालून दोन्हीकडे चालणारा का घेऊ नये, असा तिथल्या माणसाचा सरळ विचार. तिथल्या सवलतीचं कामही तेवढंच: एकदिशा एसी घेणाऱ्याला दुदिशा घ्यायला लावायचं.

या सवलती कशा होत्या तेही बघण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट आला. त्यात हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, आयकरातून वजा करून मिळत. ज्याचा करच होत नाही त्याच्या हातात यातलं काही पडत नव्हतं. म्हणून कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी त्याच कायद्यात राज्यांमार्फत वेगळी सूट ठेवली: घर गार-गरम करणाऱ्या हीट पंपावर ८,००० डॉलरपर्यंत, पाणी तापवणाऱ्यावर १,७५० डॉलरपर्यंत, तीही बिलातूनच वजा. मग जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि करातली सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. सरकार बदललं की सबसिडी बदलते हे आपल्यालाही नवं नाही. आपल्याकडे सोलर वॉटर हीटरवर केंद्राची सबसिडी होती, ती २०१४ मध्ये थांबली. २०२२ मध्ये त्यावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा ५ वर आला.

ऑस्ट्रेलियाची पद्धत वेगळी आहे आणि मला ती जास्त शहाणी वाटते. तिथे पाणी तापवणारा हीट पंप बसवला की तो पुढच्या काळात किती वीज वाचवेल याचा अंदाज, त्या त्या हवामान-विभागाप्रमाणे, काढतात. तेवढी प्रमाणपत्रं मिळतात. वीज कंपन्यांना कायद्याने ती विकत घ्यावी लागतात आणि तो पैसा ग्राहकाला किमतीत सूट म्हणून मिळतो. म्हणजे पैसे यंत्रासाठी नाहीत, वाचणाऱ्या विजेसाठी आहेत. तरीही तिथे घोळ झालाच. राज्यांच्या सवलती वरून जोडल्यावर काही ठिकाणी पंप जवळजवळ फुकटात पडू लागला. फुकट म्हटल्यावर दारोदार फिरणारे विक्रेते आले, लहान टाक्या मोठ्या घरांना बसल्या, आवाजाच्या आणि बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या. न्यू साऊथ वेल्समध्ये शेवटी ग्राहकाने स्वतःच्या खिशातून काही किमान रक्कम भरलीच पाहिजे असा नियम करावा लागला.

आता सोलापूर. इथे खोली तापवायची गरज कुणालाच नाही, त्यामुळे दुदिशा एसीवरची सवलत आपल्याला बिनकामाची. राहतं ते अंघोळीचं पाणी. पूर्वी त्यासाठी परसात तांब्याचा बंब असे आणि त्यात तुराट्या किंवा लाकडाची ढलपी. नंतर गीझर आला, गच्चीवर सोलर आलं. मे महिन्यात तर दुपारी सिंटेक्सच्या टाकीतलं पाणीच अंगावर घेववत नाही; लोक पहाटे बादली भरून ठेवतात ती पाणी निवावं म्हणून. म्हणजे जिथे हीट पंप सर्वात स्वस्तात चालतो, तिथेच त्याची गरज सर्वात कमी. उष्ण प्रदेशातल्या सवलतीची सगळी गोम इथे आहे.

हिशेब करून बघा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. पाच माणसांच्या घराला रोज १०० लिटर पाणी, २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं, तर २.९ युनिट. गीझरची गळती धरून सव्वातीन. हीट पंपाला तेच काम १ युनिटच्या आत-बाहेर जमतं. रोज सव्वादोन युनिट वाचले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे १२० दिवस धरले तर वर्षाला २७० युनिट, युनिटला १० रुपये लावले तर २,७०० रुपये. गीझर दहा हजाराचा आणि हीट पंप नव्वद हजाराचा धरा. फरक ८०,०००. तो भरून यायला तीस वर्षं. सरकारने उद्या निम्मी सबसिडी दिली तरी अर्धा फरकसुद्धा यंत्राच्या आयुष्यात वसूल होणं कठीण. पावसाळ्यातले ढगाळ दिवस आणि घरातली लहान मुलं-म्हातारी माणसं धरून दिवस दुप्पट केले तरी सबसिडीशिवाय फरक भरून यायला पंधरा वर्षं लागतातच. आणि गच्चीवर सोलर वॉटर हीटर आधीच असेल तर वाचायला काही उरतच नाही.

म्हणून घरगुती हीट पंपाला सूर्यघरसारखी योजना आपल्याकडे नाही याचं मला वाईट वाटत नाही. तो पैसा दुसरीकडे जास्त काम करेल.

कुठे? जिथे गरम पाणी रोज, बाराही महिने लागतं तिथे. पंढरपूरचे भक्तनिवास, अक्कलकोटचे यात्रीनिवास, सोलापुरातली रुग्णालयं, मुलामुलींची वसतिगृहं. कार्तिकीला पंढरपुरात पहाटे तीनपासून गरम पाण्यासाठी बादल्यांची रांग लागते आणि त्या वेळी सोलरची टाकी आदल्या रात्रीच रिकामी झालेली असते. अशा ठिकाणी रोज २,००० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं तर ७० युनिट उष्णता लागते. गळती धरून गीझरला ७५-८० युनिट, हीट पंपाला २० च्या आसपास. वर्षात ३०० दिवस धरले तर १६,००० युनिटच्या वर बचत. इथे यंत्र सबसिडीशिवायसुद्धा दोन-चार वर्षांत किंमत फेडतं. अडचण असते ती सुरुवातीला एकदम घालायच्या रकमेची, आणि ती स्वस्त व्याजाच्या कर्जाने सुटते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या रंगाईलाही गरम पाणी लागतं. रंगाच्या कढईला लागणारं फार चढं तापमान साधा हीट पंप देऊ शकत नाही, पण बॉयलरमध्ये जाणारं पाणी आधी ५५-६० अंशांपर्यंत तापवून देणं त्याला सहज जमतं, आणि तेवढं जळण वाचतं.

शहराच्या दृष्टीनेही बघा. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच वीज होते, बाकी वाया जाते. ती वीज गीझरमध्ये घालून पुन्हा उष्णता करायची म्हणजे आधी महाग केलेली वस्तू स्वस्तात विकणं. हीट पंप जवळजवळ तेवढी उष्णता हवेतून परत मिळवून देतो, हिशेब निदान बरोबरीत येतो.

तरीही कुणाच्या घरी वर्षभर गरम पाणी लागत असेल, गच्चीवर सोलर हीटरला जागा नसेल, किंवा बिल ३०० युनिटच्या वरच्या महाग टप्प्यात जात असेल, तर त्याने हीट पंपाचा विचार जरूर करावा. पण तो दुपारी चालवावा. दुपारी हवा सर्वात गरम, म्हणजे सीओपी सर्वात चांगला. सूर्यघरचे पॅनलही तेव्हाच भरात असतात. शिवाय स्मार्ट टीओडी मीटर (दिवसातल्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांच्या आसपास सूट आहे. दोन वाजता तापवलेलं पाणी चांगल्या इन्सुलेशनच्या टाकीत दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत अंघोळीइतकं गरम राहतं. यंत्र चालू असताना मागून थंड, कोरडी हवा येते. ती स्वयंपाकघराकडे वळवून घेतलेलं एक घर मी पाहिलं आहे. फोडणी टाकताना घामाच्या धारा लागायच्या तिथे आता भाकरी थापताना पंखा लागत नाही. खाली ठेवलेल्या बादलीत हवेतल्या ओलाव्याचं पाणी थेंब थेंब जमतं आणि ते कुंड्यांना जातं.

सोलापुरात खरा शत्रू पाणी आहे. महापालिकेचं उजनीचं पाणी काही दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअर. काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड. तापलं की क्षार धरतं, गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो तसाच इथेही आतल्या नळीवर चढतो आणि उष्णता पाण्यात जायला वेळ लागू लागतो. द्रवाची नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली असेल तर हा त्रास कमी. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा क्षारासाठी नाही, गंजण्यापासून टाकी वाचवायला असतो. तो झिजतो आणि वेळच्या वेळी बदलावा लागतो. हे काम सोलापुरात कोण करून देणार, पुण्याहून माणूस यायला किती दिवस, हे बयाणा देण्याआधी विचारून घ्यावं.

आणि कोटेशनवर सीओपी ४.२ असं ठळक छापलेलं असेल, तर तो कुठल्या हवेत आणि किती अंशांच्या पाण्यासाठी मोजलाय ते लिहून मागा. २० अंशांच्या हवेत मोजलेला असेल तर तेवढ्याच गरम पाण्यासाठी दुपारी तुमच्या गच्चीवर तो त्याहून चांगला निघेल. ३५ अंशांच्या हवेत ४० अंशांचं पाणी करून मोजलेला असेल, तर ६० अंशांच्या पाण्याला तो बराच खाली येईल. कोटेशनमध्ये 'सबसिडी वजा जाता' अशी ओळ दिसली तर योजनेचं नाव आणि अर्जाचा क्रमांक मागा. तो मिळाला नाही तर ती दुकानदाराने आधी फुगवून मग उतरवलेली किंमत आहे असं खुशाल समजा.